क्वाएट लिहिण्याआधी

मोठ्या सिस्टरांना सगळं हॉस्पिटल 'डिक्शनरी' म्हणायचं. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कुणाची होती? अपघाताच्या वॉर्डात एकतीस वर्षं काढलेली बाई, बुटांचा आवाज न करता कुठूनही उगवायची, आणि टेबलाच्या खणात काय, तर इंग्रजी समानार्थी शब्दांचा हा एवढा जाड कोश! बाकीच्या सिस्टरांच्या खणात बिस्किटं असतात, कंगवा असतो, फार तर रागाच्या भरात लिहून तसाच राहिलेला राजीनामा असतो. ह्यांच्या खणात कोश. त्याची पाठ सुटलेली, आणि ड्रेसिंग चिकटवायच्या पांढऱ्या पट्टीनं पुन्हा बांधलेली.

नर्सला कोश कशाला लागतो, हा प्रश्न घाईलाही पडला होता. घाई म्हणजे वॉर्डातली सगळ्यात नवी सिस्टर. हे नाव तिला पहिल्याच आठवड्यात चिकटलं. चालताना घाई, बोलताना घाई, इंजेक्शनच्या ट्रेला ठेच लागली तरी सॉरी पुढच्या बेडजवळ जाऊन म्हणायची. मनानं मात्र सोनं. आणि त्या दिवसांत तिला मोठ्या सिस्टर मुळीच आवडत नसत, हेही सांगून टाकतो, उगाच लपवाछपवी नको.

कारण होतं रजिस्टर. प्रत्येक पाळी संपताना त्यात एकेका बेडपुढे पेशंट कसा आहे ते लिहायचं. चौकोन दोन बोटं रुंद. लिहायचं इंग्रजीत, कारण डॉक्टर दहा ठिकाणचे आणि नर्स बारा ठिकाणच्या. जगातल्या सगळ्या वॉर्डांत नर्स त्या चौकोनात चार-पाच ठरलेले शब्द लिहितात, सही ठोकतात आणि घरी जातात. ह्या वॉर्डात तसं चालत नसे. दुपारी दोन वाजता, पाळी बदलताना, मोठ्या सिस्टर चष्मा नाकावर ओढून एकेक चौकोन वाचत आणि अडत.

"क्वाएट म्हणजे काय गं?" पहिल्याच दिवशी त्यांनी घाईला विचारलं होतं.

"शांत, सिस्टर."

"शांत म्हणजे?"

"म्हणजे... काही त्रास देत नाहीत."

"कुणाला त्रास देत नाहीत? तुला ना? मग ते तुझ्या डायरीत लिही. हा चौकोन त्यांचा आहे."

मग त्यांनी औषधाच्या कपाटाचं दार उघडून आतल्या बाजूला चिकटवलेला कागद दाखवला. त्यांच्याच अक्षरात, वर मोठ्या अक्षरांत क्वाएट, आणि खाली त्याची सगळी भावकी. पीसफुल म्हणजे निवांत, दुखत नाही, भीती नाही. सायलेंट म्हणजे बोलत नाही, का ते विचारा. स्टिल म्हणजे हलत नाही, हलता येतं का ते बघा. विथड्रॉन म्हणजे गुमसुम, घरून कोण आलं नाही ते बघा. ड्राउझी म्हणजे पेंगुळलेला, हाक मारली की जागा होतो का, आणि जागा राहतो का. असे तेरा-चौदा शब्द होते.

"आणि क्वाएट?" घाईनं विचारलं.

"त्याचा अर्थ इतकाच की आवाज नाही. का नाही, ते त्या शब्दाला ठाऊक नसतं. ते तुला ठाऊक पाहिजे." मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "समानार्थी शब्द जुळ्या भावंडांसारखे असतात. पाहुणा फसतो, आई फसत नाही. तू इथे पाहुणी आहेस का?"

घाईनं मान डोलावली आणि डबा खाताना मैत्रिणींपाशी मनसोक्त शिव्या घातल्या.

पण एक सांगायला हवं. ह्या बाईंचं सगळंच काही छळवादाचं नव्हतं. एकदा एका म्हातारबुवांच्या चौकोनात कुणीतरी 'कन्फ्यूज्ड' लिहिलं होतं, कारण ते संध्याकाळी सारखे म्हणत, "माझ्या पायावर कुणाची तरी बायको बसते." सगळे हसले. मोठ्या सिस्टर भेटीच्या वेळी जाऊन उभ्या राहिल्या, तर खरंच, शेजारच्या बेडवरच्या माणसाची बायको रोज खुशाल आजोबांच्या पायांवर बसून नवऱ्याशी गप्पा मारत होती. कन्फ्यूज्ड आजोबा नव्हते, वॉर्ड होता. त्या दिवशी घाईलाही हसू आलं आणि थोडी लाजही वाटली.

आणखी एक रीत त्यांनी घालून दिली होती, घरच्या प्रश्नाची. पेशंट भरती झाला की त्याच्याशी बोलून त्याच्या घरातली एखादी गोष्ट विचारून ठेवायची आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहायची. पुढे तो शुद्धीवर नीट आहे का ते बघताना नावाबरोबर तीच विचारायची. "नाव काय, झोपेतही सांगतो माणूस," त्या म्हणत. "घरचं काही सांगायचं तर त्याला स्वतःच्या आत डोकवावं लागतं. डोकावता येतंय का ते बघा."

तर एका सकाळी नऊ नंबरच्या बेडवर आले सुतारकाका. कुणाच्या तरी माळ्याची फळी ठोकताना शिडीवरून पडले होते. मनगट मोडलं, त्याला प्लास्टर घातलं, आणि कानाच्या मागे टेंगूळ होतं म्हणून डॉक्टरांनी एक दिवस नजरेखाली ठेवा म्हटलं. दर दोन तासांनी तपासायचं, डोळ्यांत बॅटरी मारून बाहुल्या बघायच्या, एवढंच. घाईनं घरचा प्रश्न विचारला. तर काका सुरूच झाले! लेकीसाठी अभ्यासाचं टेबल करायला घेतलंय. खण तीन. आणि खाली एक चोरखण, तो बायकोलाही ठाऊक नाही, तू बोलू नकोस. बायको शेजारीच बसली होती.

तोंडाचा पट्टा म्हणतात तो काय, हे वॉर्डाला त्या दिवशी कळलं. बेडचा एक पाय सूतभर आखूड आहे. खिडकीची बिजागरी उलटी बसवलीय, बसवणाऱ्याला चार फटके मारा. सलाइनचा स्टँड लाकडाचा का करत नाहीत? समोरच्या बेडवर पाय टांगून पडलेले निवृत्त मास्तर होते, त्यांच्या अगदी नाकी नऊ आले.

"अहो सुतार, तुमच्या तोंडाला एखादी कडी बसवा की!" मास्तर ओरडले.

"बसवली होती हो आमच्या हिनं," काका म्हणाले, "गंजून पडली."

अख्खा वॉर्ड खिदळला. काकूसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. बारा वाजता घाईनं तपासलं तेव्हा काका ठणठणीत होते, आणि तिनं बॅटरी मारली तर म्हणाले, "काय शोधतेस पोरी, आत भुसा आहे सगळा."

दीडच्या सुमाराला ते गप्प झाले.

आता खरं सांगायचं तर सगळ्यांना बरंच वाटलं. मास्तरांनी वर्तमानपत्र उघडलं आणि म्हणाले, "चला, सुंठीवाचून खोकला गेला." काकू हळूच म्हणाल्या, "काल रात्रभर टेबलाच्या कामापायी डोळ्याला डोळा लागला नाही त्यांचा, झोपू दे बाई." घाईला तर त्या दिवशी दोनच्या ठोक्याला निघायचं होतं. तिच्या वडिलांच्या डोळ्याची पट्टी तीन वाजता उघडायची होती, दुसऱ्या दवाखान्यात, आणि भाऊ त्यांना घेऊन खाली फाटकापाशी येणार होता. दोनची तपासणी पुढची पाळी करेलच, असं मनाशी म्हणत तिनं रजिस्टर ओढलं. एकदोन चौकोन नीट लिहिले, बाकीचे भराभर. नऊ नंबरपुढे लिहिलं क्वाएट. सही केली.

दोन वाजता मोठ्या सिस्टर वाचू लागल्या. नऊवर बोट थांबलं.

"कुठला?"

"काय कुठला, सिस्टर?"

"चौदांतला कुठला?"

"झोपलेत, सिस्टर. सकाळपासून बडबड बडबड, आता झोपलेत."

"उठवलंस?"

"काकू म्हणाल्या झोपू दे..."

"काकू सही करणार आहेत का इथे?"

"सिस्टर, भाऊ खाली थांबलाय. बाबांच्या डोळ्याची..."

"थांबू दे. जा, विचारून ये."

घाई निघाली, पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. आणि इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मोठ्या सिस्टरांना ठाऊक नाही असं सगळ्या पोरींना वाटत असे. परत पाठवलं की पोरी वॉर्डाच्या दारापर्यंत जात, तिथे उभ्या राहून दहापर्यंत आकडे मोजत, आणि परत येऊन सांगत, "पीसफुल, सिस्टर." झालं काम. ही युक्ती घाईला पहिल्याच आठवड्यात शिकवण्यात आली होती. ती दारात उभी राहिली आणि मोजू लागली. एक, दोन, तीन, चार.

सहापर्यंत आली तेव्हा तिला दिसलं की काकांचा प्लास्टरचा हात उशीवरून घसरून बेडखाली लोंबतोय. असा लोंबला तर सुजणार. एवढा हात उचलून ठेवू, असं म्हणून ती आत गेली. पुण्य म्हणा, नशीब म्हणा, ती फक्त त्या हातासाठी आत गेली.

हात उचलला तर तो ओल्या टॉवेलसारखा जड. इतका दुखरा हात हलवूनही काकांचं हूं की चूं नाही.

"सुतारकाका! ओ काका!"

पापण्या जेमतेम उघडल्या.

"लेकीच्या टेबलाला खण किती?"

"हं."

"खण किती, काका?"

"फळी," काका पुटपुटले. "फळी आण." आणि पुन्हा डोळे मिटले. श्वास घोरल्यासारखा, पण घोरणं नव्हतं ते. तिनं खांद्याला जोरात चिमटा काढला. नुसती मान हलली. तिनं बॅटरी काढली, दोनदा बटण सुटलं. उजवी बाहुली बारीक झाली. डावी टपोरी होती आणि तशीच राहिली.

"सिस्टर!" घाई ओरडली. हॉस्पिटलात ओरडायचं नसतं. त्या दिवशी ती अशी ओरडली की मास्तरांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं.

मोठ्या सिस्टर पोचल्या तेव्हा पहिल्यांदाच त्यांच्या बुटांचा आवाज आला. त्यांनी एकदा डोळे पाहिले आणि मग काही विचारलं नाही. एकीनं फोन उचलला, दुसरीनं ट्रॉली आणली, डॉक्टर धावत आले. कवटीच्या आत रक्त साठत चाललं होतं आणि मेंदूला दाबत होतं. अडीच वाजता काका ऑपरेशनच्या दाराआड गेले. काकू भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणत राहिल्या, "मीच म्हटलं झोपू दे. मीच म्हटलं."

घाई खाली जाऊन भावाला म्हणाली, "तूच ने बाबांना." भावानं तिचं तोंड बघितलं आणि बाबांचा हात धरून तो निघाला. ती वर आली तेव्हा मोठ्या सिस्टर रजिस्टर उघडून बसल्या होत्या.

"खोडू नकोस," त्या म्हणाल्या. "एक रेघ मार, वेळ घाल, सही कर. चूक दिसली पाहिजे." घाईनं क्वाएटवर एक रेघ मारली आणि पुढे जे पाहिलं ते लिहिलं. हाक मारल्यावर जेमतेम जागे, प्रश्नाचं उत्तर नाही, डावी बाहुली मोठी. दोन वाजून चार मिनिटं. चौकोनात मावलं नाही, समासात लिहावं लागलं.

मग बाकावर वाट बघणं. काकू एका टोकाला, घाई दुसऱ्या टोकाला, आणि हळूहळू मधलं अंतर संपून काकूंचं डोकं घाईच्या खांद्यावर. ड्युटी संपून तीन तास होऊन गेले. आत वॉर्डात मास्तर उशीत तोंड खुपसून रडत होते म्हणे, "मी कडी बसवा म्हटलं हो त्यांना." पाच वाजून गेल्यावर सर्जन बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि म्हणाले, "वाचले." एवढा एकच शब्द आधी. मग म्हणाले, "आणखी थोडा वेळ गेला असता तर हातचे गेले असते. पाहिलं कुणी?"

घाईनं मान खाली घातली.

"ह्या सिस्टरनं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

काकूंनी घाईचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. "तुझे उपकार कसे फेडू गं," म्हणत त्या इतक्या रडल्या की घाईचे हात ओले झाले. घाईचाही जीव भांड्यात पडला होता, पण रेघ मारलेला तो क्वाएट काही डोळ्यांपुढून हलेना.

तो आठ दिवस तसाच डोळ्यांपुढे राहिला. काका वॉर्डात परत आले ते डोक्याला पट्ट्या बांधून. सुरुवातीला शब्द सापडेनात त्यांना. हातोडी म्हणायचं तर "ती, ती ठोकायची" म्हणत आणि चिडत. मास्तरांनी शिकवणी घेतली. पलीकडून वस्तू दाखवायच्या आणि विचारायचं, "हे काय?" पाचव्या दिवशी काका म्हणाले, "ते तुमचं नाक," आणि वॉर्डानं टाळ्या वाजवल्या. सातव्या दिवशी पुन्हा पट्टा सुरू झाला. बेडचा पाय अजून आखूडच आहे, कुणाला काही पडलेलीच नाही! मास्तर कानात बोटं घालून बसले, पण बोटांआडून हसत होते.

आठव्या दिवशी पट्टी बदलताना घाईला राहवेना. तिनं सगळं सांगून टाकलं. "काका, मी तुम्हाला न बघता क्वाएट लिहिलं होतं. तुम्ही गप्प झालात म्हणून मला बरं वाटलं होतं. काकू माझे पाय धरायला येतात, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं."

सुतारकाका जरा वेळ गप्प राहिले. घाईची पाचावर धारण बसली.

"काय बघतेस, जागा आहे मी," काका म्हणाले. "पोरी, मी गप्प बसलो की सगळ्यांनाच बरं वाटतं. माझ्या आईलाही वाटायचं. पण का गप्प बसलास म्हणून परत येऊन विचारणारी तूच भेटलीस. तू आली नसतीस तर आज लेक पोरकी झाली असती. बाकीचं मला सांगू नकोस, मला ऐकायचं नाही."

घाई तशीच उठून मोठ्या सिस्टरांच्या टेबलाशी गेली. त्या कापसाचे बोळे मोजत होत्या.

"सिस्टर, मी त्या दिवशी दारात उभी राहून मोजत होते. दहापर्यंत मोजून परत येणार होते."

"ठाऊक आहे. सगळ्या मोजतात." त्यांनी मान वर केली नाही. "तू सहावर थांबलीस. मी इथून तुझे ओठ बघत होते."

"तुम्ही पाठवलंत म्हणून काका आहेत. आणि सगळे मला थँक यू म्हणतात. मला तुमचे आभार मानायचेत, सिस्टर. कसे मानू तेच कळत नाही."

मोठ्या सिस्टरांनी बोळे बाजूला सारले, चष्मा काढला आणि पदराला पुसला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा घाईनं कधी पाहिलाच नव्हता. थकलेला, कुणाच्याही आईसारखा चेहरा होता.

"मी एकोणीस वर्षांची होते, बाळंतिणींच्या वॉर्डात," त्या म्हणाल्या. "इंग्रजीचे मला वीसेक शब्द येत होते. एक बाळंतीण होती, दुसऱ्या दिवशीची. आदल्या रात्री फार कण्हली, सकाळी गप्प झाली. मी क्वाएट लिहिलं आणि घरी गेले. जेवले पोटभर. झोपले. माझ्यानंतर आलेली सिस्टर चांगली होती, अनुभवी होती. तिनं माझा शब्द वाचला, तिला वाटलं शांत आहे, झोपू दे. तिनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. मी दुसऱ्या दिवशी आले तेव्हा गादी उन्हात टाकलेली होती. मला परत पाठवणारं कुणी नव्हतं गं."

घाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"ह्या वॉर्डात आल्यापासून मी पोरींना परत पाठवते. एकतीस वर्षं. आणि दर वेळी पेशंट खरंच झोपलेला असतो. पोरी परत येतात, मला मनात शिव्या देतात, आणि मला वाटतं, आपणच वेड्या आहोत, सोडून द्यावं आता." त्यांनी घाईचा हात हातात घेतला, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "एकतीस वर्षांत एक माणूस मिळाला मला. तू आत गेलीस म्हणून मिळाला. आभार तू कसले मानतेस? मला मानू दे."